बोटीच्या गळ्यात घुंगुरमाळ

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात नेमकं काय करतात हे घरी सांगायचं कामही माझ्याकडेच आलं आणि ते मला कधी नीट जमलं नाही. शाळेचं सोपं होतं. पाढे म्हणून दाखवले, बाजारातल्या पाट्या वाचून दाखवल्या की घरचे खूश. कॉलेजातलं काय म्हणून दाखवणार? एका सुट्टीत आईनं विचारलं तेव्हा मी गडव्यात पाणी घेऊन, त्यात काडी बुडवून, प्रकाशाचं वक्रीभवन समजावायला बसलो. काडी पाण्यात वाकडी दिसते हे पाहून आई म्हणाली की हे तिला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे, आणि त्यासाठी नागपूरला खोली घेऊन राहायचं काही कारण नव्हतं.

मी इंटर सायन्सला होतो, त्या वर्षी राज्यांची फेररचना झाली. आमचं पांढुर्णा मध्यप्रदेशात होतं ते मध्यप्रदेशातच राहिलं. नागपूर मात्र मुंबई राज्यात गेलं. म्हणजे आम्ही जागचे हललो नाही, राजधानीच उठून भोपाळला गेली. या गोष्टीचा माझ्या शिक्षणाशी काही संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं. तो काकांनी लावला.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. घरात बोलायचं काम त्यांचं आणि ठरवायचं काम बाबांचं, अशी वाटणी होती. काकांचं म्हणणं असं की आता नागपूर परमुलूख झालं. तिथला कागद इथं कोण विचारणार? "नागपूरची डिग्री भोपाळले चालन काय?" असं ते येईल त्याला विचारत, आणि येणाऱ्याला उत्तर ठाऊक नसल्यामुळे त्यांचा मुद्दा दर वेळी पक्का होत असे. पोरगा घरी यावा, संत्र्याच्या बगिच्यात लक्ष घालावं, कापसाच्या दिवसात सरकी काढायच्या जिनात माल घेऊन जावा. काका वाईट मनानं सांगत नव्हते. बगिचा मोठा होता आणि हात कमी होते. पण मला कॉलेज सोडायचं नव्हतं, आणि काहून सोडायचं नाही हे मला सांगता येत नव्हतं.

बाबा दोन्हीकडचं ऐकत आणि अडकित्त्यानं सुपारी फोडत. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "तिथं काय शिकून राहिला तू?"

 मी म्हणालो, "बाबा, तार नसली तरी दूरच्या वस्तूकडून काम करून घेता येते."

"दाखव मग," बाबा म्हणाले.

दाखवायला माझ्याकडे एक अर्धी बोट होती.

ती बोट कॉलेजच्या संमेलनातल्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी सुरू केली होती. आमच्या प्रात्यक्षिकाच्या सरांनी एकदा टेबलाच्या एका टोकाला विजेची ठिणगी पाडून दुसऱ्या टोकाची घंटी वाजवून दाखवली होती, मधे तार नाही. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. बोटच का, असं पुष्कळांनी विचारलं, कारण आमच्या भागात बोट कोणी पाहिलेली नाही. माझं उत्तर साधं आहे. चाकांची गाडी केली असती तर तिला सपाट जमीन लागली असती आणि आमच्या अंगणात ती नाही. पाणी कुठंही सपाटच असतं. शिवाय वाचनालयातल्या एका जुन्या विलायती मासिकात शर्यतीच्या बोटीचं चित्र होतं. नाक हवेत, शेपूट पाण्यात, मागं फेसाचा पट्टा. ते पान मी इतक्या वेळा काढून बसलो की वाचनालयाच्या शिपायानं ते मासिकच माझ्या नावानं बाजूला ठेवायला सुरुवात केली.

बोटीची फळी संत्र्याच्या पेटीची. उकळतं पाणी ओतून, दोरी बांधून, दगड ठेवून ती वाकवायची. पहिला प्रयत्न झाल्यावर आईनं यात किती ढोरं चारा खातील असं विचारलं, आणि खरोखरच ती गव्हाणीसारखी दिसत होती. दुसरी बरी झाली. सांध्यांमध्ये जवसाच्या तेलात उकळलेली राळ भरली. मोटर नागपूरच्या भंगार बाजारातली, लढाईनंतर विकायला निघालेल्या लष्करी मालातून उचललेली. ती मुळात कशासाठी होती हे विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. पंखा फुटक्या गडव्याच्या पत्र्यातून कापला. हौदात पहिल्यांदा बोट सोडली तेव्हा ती ऐटीत मागं गेली. तारा उलट जोडल्या गेल्या होत्या, ते लगेच दुरुस्त होण्यासारखं होतं. पण बाबा बघत उभे होते. त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मात्र आमच्याकडे मागं सरणारं जनावर बाजार दाखवायच्याच लायकीचं समजतात, आणि मला ते आठवल्याशिवाय राहिलं नाही.

इथं बाबांबद्दल सांगायला हवं. ते शेतकरी खरे, पण तरुणपणी त्यांची ओळख शंकरपटातली होती. आमच्याकडे शर्यत म्हणजे पटच. दोन जोड्या शेजारी उभ्या करायच्या, झेंडी पडली की सुटायच्या. बाबा त्यात जोडी हाकायचे. त्यांचा एक बैल सौसरपासून लोधीखेड्यापर्यंत लोकांना माहीत होता. तो मेल्यावर बाबांनी पट सोडला. त्याची घुंगुरमाळ तेवढी खुंटीला होती, तिला कोणी हात लावत नसे. तेव्हा धावणाऱ्या कोणत्याही वस्तूकडे बाबा पटाच्या नजरेनं बघत, आणि माझी बोट त्या नजरेत काही भरत नव्हती.

मोटर पुढं जायला लागल्यावर बोटीचं नाक मासिकातल्यासारखं उचललं गेलं. मला आनंदानं काही सुचेना. बाबा म्हणाले, "उलाळ आहे."

बैलगाडीत मागं जास्त वजन भरलं की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो, त्याला उलाळ म्हणतात. गाडीवानाची यासारखी नाचक्की नाही. मी सांगितलं की बोटीत हेच पाहिजे असतं, नाक वर राहिलं की पाणी कमी अडवतं. बाबांनी मान हलवली. ती मान पटल्याची नव्हती, हे मला कळलं.

पण नुसती पळून भागणार नव्हतं. तारेशिवाय ऐकली पाहिजे. त्यासाठी सरांनी दाखवली तशी नळी करायची होती. होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांची एक रिकामी काचेची कुपी घेतली. तिच्यात दोन्ही बाजूंनी तारा आणि मधे धातूचा कीस. हा कीस एरवी सुटा पडलेला असतो आणि वीज जाऊ देत नाही. दूर कुठं मोठी ठिणगी पडली की तिच्या लहरीनं कण एकमेकांना चिकटतात, वीज वाहते, आणि बोटीचं सुकाणू एक पाऊल वळतं. एका ठिणगीला डावीकडे, दुसरीला सरळ, तिसरीला उजवीकडे, चौथीला पुन्हा सरळ. सुकाणू फिरवायला सायकलच्या ट्यूबची पट्टी पीळ देऊन बसवली होती. कीस चांदीचा आणि निकेलचा लागतो, म्हणून मी जुना राजाछाप रुपया कानस घेऊन घासत बसलो होतो. आईनं पाहिलं. "राजा तर गेला, आता त्याचं तोंड काहून घासून राहिला?" ती म्हणाली, आणि उरलेला रुपया माझ्या हातातून काढून घेतला.

अडचण एकच होती आणि ती शेवटपर्यंत पुरली. एकदा चिकटलेले कण आपोआप सुटत नाहीत. नळीला टिचकी मारावी लागते. टेबलावर सर पेन्सिलीनं मारायचे. पाण्यातल्या बोटीवर पेन्सिल घेऊन कोण बसणार? मी विजेच्या घंटीचा छोटा हातोडा नळीशेजारी बसवला होता, पण दमट हवेत तो कधी चाले, कधी अडे. अडला की सुकाणू डावीकडे वळलेलं तसंच राही आणि बोट हौदात तेलघाण्याच्या बैलासारखी गोल फिरत बसे. मग मी धोतर वर खोचून पाण्यात उतरायचं आणि तिला टिचकी मारायची. ओलिताचं पाणी सोडायला येणारा गडी रोज हे बघायचा. त्यानं काकांना जाऊन सांगितलं की पोट्टा डोंग्याची समजूत काढून राहिला.

ठिणगी पाडायचं यंत्र माझ्याकडे होतं. मोटारगाडीची जुनी कॉइल, आणि एका मोडक्या पलंगाच्या दांड्यांवरचे दोन पितळी गोळे. गोळ्यांच्या मधे ठिणगी कडकडत पडे. ती बोटीपर्यंत पोचते एवढंच मी मोजत होतो. ती आणखी कुठं कुठं पोचते याचा मी विचार केला नव्हता.

आमच्या गल्लीच्या तोंडाला कापसाच्या एका शेठजींची पेढी होती आणि तिथं गल्लीतला एकमेव रेडिओ होता. दिवाळीच्या तोंडावर, नवीन राज्य व्हायच्या त्या दिवसांत, संध्याकाळच्या बातम्या ऐकायला पेढीवर बसायला जागा नसे. कोणता तालुका कुठं गेला, कोणाची बदली कुठं होणार, शाळामास्तरांपासून पोस्टातल्या बाबूपर्यंत सगळ्यांचे कान तिथं लागलेले. तीच माझी प्रयोगाची वेळ होती, कारण दिवसा बगिच्यात काम असे. मी इकडं बटण दाबलं की तिकडं रेडिओ कडकड करी, आणि नेमकं जिल्ह्याचं नाव उडून जाई. दोन-तीन संध्याकाळी लोकांनी दोष नव्या सरकारला दिला. मग एक मास्तर लघवीला म्हणून आमच्या कुंपणाशी आले, त्यांना ठिणगी दिसली आणि पाठोपाठ पेढीवरचा गलका ऐकू आला. ते विज्ञान शिकवत नसत, पण एवढं त्यांना जुळलं.

सगळी पेढीच आमच्या ओट्यावर आली. शेठजी गृहस्थ माणूस, आवाज चढवून बोलत नसत. ते बाबांना इतकंच म्हणाले, "आम्ही कोन्त्या राज्यात आहो ते ऐकून राहिलो होतो जी. तुमच्या पोरानं ऐकूच नाही दिलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली आणि बातम्यांच्या वेळी यंत्राला हात लावणार नाही असं कबूल केलं. शेठजींचं समाधान झालं, पण काकांच्या हातात आयतं कोलीत आलं होतं. ते सगळ्यांसमोर म्हणाले की दीड वर्ष नागपूरला राहून पोरगा काय शिकला तर दुसऱ्याच्या रेडिओचा गळा धरणं. कोणी तरी हसलं. मग काका बाबांकडे वळले.

"दादा, एक काम करू. पट लावू."

"कशाचा पट?" बाबांनी विचारलं.

"त्याच्या डोंग्याचा. गायगोधनाच्या दिवशी, सौसर रस्त्याच्या तळ्यात. डोंगा जिंकला तर जाऊ दे त्याले नागपूरले, मी तोंड नाही उघडणार. हरला तर त्याची नागपूरची पेटी माळ्यावर टाकायची अन् बगिच्यात यायचं."

मी हळूच म्हणालो की बोट एकच आहे, ती कोणाशी हरणार. मला वाटलं मी चांगला मुद्दा काढला. बाबा म्हणाले, एकट्याचा पट नसतो, हे बरोबर आहे. काका याच वाक्याची वाट बघत होते.

"एकटा कायले? माही म्हैस आहे न."

ही म्हैस काकांनी लोधीखेड्याच्या बाजारातून आणली होती आणि तिचं त्यांना फार कौतुक होतं. ती रोज तळ्यात डुंबायची आणि तिची वगार, म्हणजे तिचं रेडकू, पलीकडच्या काठावर बांधली की हाकायचंही काम नाही, सरळ पोहत पलीकडे जायची. माझ्या बोटीला लष्करी मोटर होती, पण म्हशीला कारण होतं. ओट्यावर सगळे हसायला लागले. मी बाबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि म्हणाले, "लागला पट."

अशा रीतीनं माझं पुढचं शिक्षण एका म्हशीवर येऊन थांबलं.

उरलेले दिवस मी बोट पटाला लावण्यात घालवले. पंख्याची पाती थोडी कमी केली, कारण मोठ्या पात्यांना सेल लवकर उतरत होते. सेल सगळे मागं सरकवले. कीस सुकवून नळी मेणानं बंद केली. हातोड्याची कमान बदलली. हौदात बोट अशी पळू लागली की ओलिताच्या गड्यानंही काम थांबवून बघितलं. वेगाची मला काळजी उरली नव्हती. म्हैस काही केलं तरी म्हैस होती. पण वळणं अजून दहातून दोन-तीनदाच नीट होई, आणि तळ्याच्या मधोमध शेवाळाचा मोठा पट्टा होता. सरळ गेली तर त्यात अडकणार. वळायला लावली आणि नळी चिकटली तर तळ्यात गोल फिरत बसणार आणि सबंध पांढुर्णा बघणार.

दिवाळीचा दुसरा दिवस आमच्याकडे गायगोधनाचा. सकाळपासून गायी धुवायच्या, शिंगं गेरूनं रंगवायची, माथ्यावर मोरपीस बांधायचं. अंगणात रांगेनं जनावरं उभी होती आणि आई आरतीचं ताट घेऊन एकेकाला ओवाळत होती. बोट मी कोपऱ्यात पाटावर ठेवली होती. आई शेवटच्या गायीला ओवाळून झाल्यावर जरा थांबली, आणि मग बोटीलाही ओवाळलं. नाकावर गेरूचे दोन पट्टे ओढले. लहरी पकडायला उभ्या केलेल्या तारेच्या काठीला मोरपीस बांधलं. मी बांधू दिलं. मोरपिसाला वजन नसतं.

मग बाबा घरातून बाहेर आले. त्यांच्या हातात खुंटीवरची घुंगुरमाळ होती. कातडी पट्टा तेल लावून मऊ केलेला, घुंगरं चिंचेनं घासलेली. ते हे कधी करत बसले होते कोणाला माहीत नव्हतं. त्यांनी वाकून ती बोटीच्या नाकाला गुंडाळली आणि बकल लावलं. नळी ज्या फळीवर बसवली होती, बरोबर तिच्यावर.

मी म्हणालो, "बाबा, वजन होईन."

"बिनघुंगराचं जनावर पटात उतरत नाही," ते म्हणाले. मग, जणू मला समजावून, "उलाळही जाईन तिचा."

काका गोठ्याच्या दाराशी उभे होते. त्यांनीही मान खाली घातली. ती माळ त्या बैलानंतर कोणाच्याच गळ्यात पडली नव्हती. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, नाकावर वजन आल्यानं काय होतं ते मला कळत होतं. पण ती काढून ठेवा असं म्हणायची भाषा मला कोणत्याही वर्गात शिकवलेली नव्हती.

तळ्यावर अर्धं गाव होतं. सौसरहून आत्या बसनं आली होती, कारण काकांनी निरोप पाठवला होता. तिगावचे दोन पाहुणेही होते, ते कापसाच्या कामाला आले होते पण हे कळल्यावर थांबले. झेंडी पाडायचा मान शेठजींना. त्यांनी खांद्यावरचं उपरणं हातात घेतलं आणि बोट बुडाली तर रेडिओ कायमचा सुटेल अशा शांत नजरेनं माझ्याकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर वगार बांधली होती. अलीकडे म्हैस, शिंगांना गेरू, आणि तिच्याशेजारी माझी बोट, नाकाला गेरू. लांबून पाहणाऱ्याला दोघी एकाच घरच्या वाटल्या असत्या.

उपरणं पडलं. काकांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली, मी मोटर सुरू करून बोट सोडली.

नाक उचललंच नाही. जिथं फेसाचा पट्टा उमटायचा तिथं बोट नांगरासारखी पाणी फोडत निघाली, अशा गतीनं की काठावरची पोरं तिच्याबरोबर चालू शकत होती. म्हैस दोन लांबी पुढं गेली, मग चार. काठावर हसू पसरलं. आत्यानं विचारलं की हाच का तो, आणि कोणी तरी हो म्हणालं. बोटीचा आवाज मात्र मोठा होता. मोटरच्या थरथरीनं घुंगरं एकसारखी वाजत होती, छुमछुमछुम, आणि तळ्यावर तो आवाज दूरपर्यंत जात होता.

शेवाळाचा पट्टा जवळ आला. मी मनाचा हिय्या करून बटण दाबलं. ठिणगी कडाडली. बोट डावीकडे वळली. आता ती अडकणार म्हणून मी डोळे मिटून दुसऱ्यांदा बटण दाबलं. डोळे उघडले तर बोट सरळ जात होती. तिसऱ्यांदा दाबलं, उजवीकडे. चौथ्यांदा, सरळ. एकदाही चुकली नाही. मी बावरून हातातल्या यंत्राकडे बघत राहिलो. माझा हातोडा इतका चांगला कधीच चालला नव्हता.

इतक्यात म्हैस थांबली. मागून येणारी घुंगरं तिनं ऐकली असावीत. तळ्याच्या मधोमध तिनं मान वळवली, बोटीकडे पाहिलं, आणि वगारीला विसरून हळूहळू बोटीकडेच यायला लागली. काठावरचं हसणं बंद झालं. काका ओरडले नाहीत, पण त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं. म्हैस बोटीच्या वाटेत आडवी झाली, आणि नाक पुढं करून हुंगू लागली. मी डावीकडे घेतली. ती डावीकडे आली. मी सरळ करून उजवीकडे घेतली, तिच्या शेपटीमागून वळसा घातला, आणि पुन्हा सरळ केली. छुमछुम करत बोट तिला चुकवून पलीकडे निघाली. तिगावचा एक पाहुणा नकळत "हौ, हौ" म्हणाला, जसं पटात बैलाला म्हणतात.

काठ आता जवळच होता. मला वाटलं, झालं. तेवढ्यात वगार हंबरली.

म्हशीला जे आठवायचं ते आठवलं. ती वळली आणि अशी सुटली की तशी पोहणारी म्हैस मी पुन्हा पाहिली नाही. ती बोटीशेजारून गेली, तिच्या लाटेनं बोटीचं नाक, आधीच खाली असलेलं, पाण्याखाली गेलं. मोटर एकदा गुरगुरून बंद पडली. म्हैस काठावर चढून वगारीला चाटायला लागली. बोट हाताच्या अंतरावर मोरपीस वर काढून बुडालेली होती.

मी काठाकाठानं पळत पलीकडे गेलो आणि पाण्यात शिरून ती काढली. माळेतून पाणी गळत होतं. मला रडू येत होतं, पण एवढ्या लोकांत इंटर सायन्सच्या विद्यार्थ्यानं रडणं बरं दिसणार नाही म्हणून मी घुंगरं पुसत राहिलो.

काका आले. ते जिंकले होते, पण त्यांचा चेहराही फार जिंकल्यासारखा नव्हता. "हरला न, दादा," ते बाबांना म्हणाले.

बाबांनी बोट माझ्या हातातून घेतली. नाकाजवळ, माळेवर, एकदा हात फिरवला.

"हरला," ते म्हणाले. "पळणारी नाही ते. पण ऐकणारी आहे."

"त्यानं काय होते?"

"तू कधी पट हाकला नाही म्हणून विचारून राहिला. पळणारं जनावर पैशाले पासरी भेटते. ऐकणारं घरी ठेवा लागते." मग ते माझ्याकडे वळले. "गाडी कधीची आहे?"

काकांनी तोंड उघडलं. मग म्हशीकडे पाहिलं, आणि बंद केलं. ठरलेल्या अटीप्रमाणे ते तोंड काका हरल्यावर बंद व्हायचं होतं, पण त्यांनी जिंकूनच बंद केलं, आणि त्यासाठी मी त्यांचा अजून ऋणी आहे.

बोट कशानं ऐकली हे मला संध्याकाळी कळलं. हातोडा तपासायला उघडला तर तो पहिल्यापासूनच गंजून अडकलेला होता. एकदाही हलला नव्हता. घुंगरं फळीवर थरथरत होती, फळीवर नळी होती, आणि कण चिकटले की लगेच सुटत होते. ज्या टिचकीसाठी मी सुट्टीभर हातोडे बसवत होतो ती घुंगरं सबंध वेळ मारत होती. ज्या वजनानं बोट हरली त्याच वजनानं ती वळली. मी बाबांना जाऊन सगळं सांगितलं, नळी दाखवली, माळ हलवून दाखवली. त्यांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "मग राहू दे तिच्यावरच."

परत जाताना पांढुर्ण्याच्या स्टेशनवर बाबा पोचवायला आले होते. फलाटावर त्यांच्या ओळखीचा एक संत्र्यांचा व्यापारी भेटला. पोरगा नागपूरला काय शिकतो, असं त्यानं विचारलं. मी खिडकीजवळ बसलो होतो आणि गाडीनं शिट्टी दिली होती. आत्तापर्यंत या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर नव्हतं. बाबांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "बिनलगामाचं जनावर घुंगरावर हाकाले शिकून राहिला तो."

चूक दुरुस्त करावी म्हणून मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, पण गाडी हलली होती. पत्र्याच्या पेटीत बोट होती, आणि गाडीनं वेग धरला तशी आतली घुंगरं वाजायला लागली. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं पाय वर घेतले. थोड्या वेळानं तिकीट तपासनीस आला, पेटीकडे कान देऊन उभा राहिला आणि वासराचं वेगळं तिकीट लागतं असं मला म्हणाला. मी पेटी उघडायला लागलो आणि त्याला समजावून सांगायला सुरुवात केली. मला वाटतं, त्या दिवशी मला ते बऱ्यापैकी जमलं, कारण पुढचं स्टेशन आलं तरी तो उतरला नाही.